मोटारीच्या पत्र्यावर पहिले वेल्डिंग: नवशिक्यांसाठी सुरक्षित पद्धत

मोटारीवर वेल्डिंग करताना खरा धोका आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत विजेच्या ठिणगीच्या, टोकाशी जितका असतो, त्याहून अधिक तो पत्र्याच्या पलीकडे असतो. लोखंडी गेट किंवा शेडचा अँगल जोडताना कामाच्या सगळ्या बाजू डोळ्यांसमोर असतात. मोटारीत मात्र जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्यामागे पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा, आवाज रोखणारा फोम किंवा एअरबॅगची वायर असू शकते आणि पुढून पाहणाऱ्याला तिचा मागमूसही लागत नाही. म्हणून नवशिक्याने प्रत्यक्ष टाके मारण्यात जितका वेळ घालवायचा, त्याच्या कितीतरी पट वेळ पत्र्यामागे काय आहे हे शोधण्यात, ते सोडवून बाजूला काढण्यात आणि जागा मोकळी करण्यात घालवावा. ज्याला एवढी तयारी कंटाळवाणी वाटते, त्याने गाडी सरळ चांगल्या डेंटरकडे न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणते काम घ्यावे, कोणते घेऊ नये

सोलापुरात पाऊस बेताचा आणि हवा बहुतेक वर्षभर कोरडी असल्यामुळे इथली गाडी कोकणातल्या गाडीसारखी सर्वांगाने गंजत नाही, तर ठरावीक जागी गंजते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी चिकट माती चाकांच्या कमानीत, पत्र्याच्या आतल्या दुमडीत जाऊन बसते आणि वरून वाळलेली दिसली तरी आतून ओल धरून ठेवते. दारांची आणि दाराखालच्या पट्टीची पाणी निघून जाण्याची छिद्रे धुळीने बुजतात. पायाखालच्या मॅटखाली शिरलेले पाणी तिथेच मुरते. किनारपट्टीवरून आलेली जुनी गाडी विकत घेतली असेल, तर गंज कुठेही असू शकतो असे धरूनच चालावे.

गंजाची खरी व्याप्ती डोळ्यांनी कळत नाही, ती कानांनी आणि हातांनी कळते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा टोकत जावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि गंजलेल्या जागी आवाज एकदम बद्द होतो. मग त्याच स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बेताने दाबून पाहिले की रंगाचा पापुद्रा सुटतो आणि खालून तपकिरी भुगा गळू लागतो. जिथे आवाज पुन्हा खणखणीत होतो तिथून आणखी दोन बोटे पुढे खडूने रेघ ओढावी. पॅच, म्हणजे नव्या पत्र्याचा तुकडा, तिथपर्यंत बसवावा लागेल, कारण गंजलेल्या पत्र्यावर टाका कधीच धरत नाही, उलट प्रत्येक टाक्यासरशी भोक मोठे होत जाते.

पहिल्या कामासाठी पुढच्या पायाखालचा सपाट पत्रा किंवा चाकाच्या कमानीची आतली कड निवडावी. सीट आणि सीटबेल्ट ज्यांना बोल्टने कसलेले असतात त्या जागा, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या बैठका, दारांमधले खांब, तसेच लांबीच्या दिशेने जाणारे पेटीसारखे मुख्य तुळईचे भाग यांना नवशिक्याने हात लावू नये. बोलेरोसारख्या गाडीला स्वतंत्र चॅसी असते, पण बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पत्र्याचा सांगाडाच चॅसीचे काम करतो आणि अपघातात प्रवाशांना तोच वाचवतो. नव्या गाड्यांच्या खांबांत अतिशय उच्च ताकदीचे पोलाद असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते आपली ताकद गमावते आणि वरून पाहता यातले काहीच दिसत नाही.

काही वस्तूंवर तर कोणीही घरी वेल्डिंग करू नये. पेट्रोलची टाकी रिकामी केली म्हणून निर्धोक होत नाही, कारण स्फोट द्रव पेट्रोलाचा होत नसून हवेत मिसळलेल्या वाफेचा होतो आणि रिकाम्या टाकीत नेमकी तीच भरलेली असते. सीएनजीची टाकी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि डिकीचे झाकण तोलून धरणारे गॅसचे दांडे दाबाखाली असतात. टायर चढवलेली रिम तापवली तर टायरमधली हवा आधी सोडलेली असली तरीही टायर फुटू शकतो. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीचे वेल्डिंग प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. सीएनजी बसवलेली पेट्रोलची गाडी असेल, तर टाकी आणि तिच्या नळ्या अधिकृत कारागिराकडून उतरवून घेतल्याखेरीज काम सुरू करू नये.

यंत्र आणि सराव

आपल्याकडे बहुतेक वर्कशॉपमध्ये रॉडवर चालणारे आर्कचे यंत्र असते आणि नवशिक्याला तेच सहज हाती लागते. जाड अँगलसाठी ते उत्तम आहे, परंतु मोटारीच्या ०.७ ते १ मिलिमीटर पत्र्यावर ते डोळ्यांदेखत भोक पाडते. या कामासाठी मिग यंत्र, म्हणजे वेल्डिंगची तार आपोआप पुढे सरकवणारे यंत्र, घ्यावे. त्यात ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार वापरावी आणि आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण किंवा नुसता कार्बन डायऑक्साइड जोडावा. गॅसचा प्रवाह मिनिटाला साधारण ८ ते १२ लिटर ठेवावा. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स-कोअर तारही मिळते, पण पातळ पत्र्यावर ती अधिक तापते आणि ठिणग्याही जास्त उडवते. ती वापरायची असेल तर बहुतेक यंत्रांत टॉर्च, म्हणजे हातात धरायची वेल्डिंगची बंदूक, ऋण टोकाला जोडावा लागतो. भरीव तार आणि गॅस वापरताना तो धन टोकाला असतो. ही जोडणी उलटी राहिली की टाके वर वर बसतात आणि नवशिका विनाकारण करंट वाढवत राहतो.

गॅसचा सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीला किंवा ट्रॉलीला बांधावा. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला, तर आतल्या दाबाने सिलिंडर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

सराव गाडीवर करू नये. भंगारवाल्याकडून जुने दार किंवा बोनेट आणावे, त्याचे तळहाताएवढे तुकडे कापावेत आणि ते एकमेकांना जोडून पक्कडीने वाकवून पाहावेत. टाका न सुटता शेजारचा पत्रा फाटला, तरच सांधा खरा झाला असे समजावे. शहरात विजापूर रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वेल्डर हा आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तेवढा वेळ नसला तरी तिथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या कारागिराजवळ काही दिवस नुसते उभे राहून त्याचे हात पाहिले, तरी पुष्कळ शिकायला मिळते.

अंगावर काय असावे

आर्कच्या प्रकाशात तीव्र अतिनील किरणे असतात. ती क्षणभर डोळ्यांत गेली तरी काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू खुपसल्यासारखी आग सुरू होते आणि डोळे उघडणे कठीण होते. यालाच आर्क लागणे म्हणतात. बटाट्याच्या चकत्या, तूप किंवा कोणाच्या तरी घरी उरलेले ड्रॉप डोळ्यांत घालू नयेत. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडावे, थंड पाण्याची स्वच्छ घडी डोळ्यांवर ठेवावी आणि सकाळी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळ्यांत लोखंडाचा कण गेल्याची शंका असेल, तर डोळे न चोळता लगेच जावे.

डोक्यावर बसणारे हेल्मेट घ्यावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. हातात धरायची काच आणि रस्त्यावर मिळणारे काळे चष्मे या कामाचे नाहीत. गॅस वेल्डिंगचा काळा चष्मासुद्धा आर्कसाठी अपुरा पडतो. पातळ पत्र्यावरच्या मिग कामाला साधारण १० क्रमांकाची काच लागते. वेल्डिंगच्या वेळी डोळे आणि चेहरा राखणाऱ्या साधनांसाठी आयएस ११७९ हे भारतीय मानक आहे, म्हणून खरेदी करताना त्याचा उल्लेख पाहावा. आपोआप काळे होणारे हेल्मेट सोयीचे असते, पण दर वेळी सुरू करण्यापूर्वी ते काळे होते की नाही हे तपासावे. हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक गॉगल असू द्यावा, कारण हेल्मेट वर केल्यावरच ग्राइंडरचे कण डोळ्यांत जातात.

कपडे जाड आणि निव्वळ सुती असावेत. सोलापुरात गणवेशाचे कापड घरोघरी असते, परंतु त्यात बहुधा पॉलिस्टर मिसळलेले असते आणि पॉलिस्टर जळण्याऐवजी वितळून कातडीला चिकटते. पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बटणे, खिशांवर झाकणे, घोट्यापर्यंतचे चामडी बूट आणि त्यांच्यावरून सोडलेली पँट असा वेष असावा. पँट बुटात खोवली की ठिणगी थेट बुटात उतरते. चामड्याचे लांब हातमोजे आणि गाडीखाली झोपून काम करायचे असेल तर चामड्याचा एप्रन घालावा. खिशात लायटर ठेवू नये. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राजवळही जाऊ नये.

धुराच्या बाबतीत आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या गटात घातला. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि त्याचा पांढरा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर बाहेर पडत नाही. ही समजूत कारखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली तरी ती सोडून द्यावी. जोडायच्या कडांवरचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढावा, डोके धुराच्या वाटेतून बाजूला ठेवावे आणि हेल्मेटखाली बसणारा, कण गाळणारा चांगला मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच अडवत नाही.

याहूनही भयंकर एक गोष्ट आहे. ब्रेक क्लीनरसारख्या काही द्रावकांत क्लोरिनची संयुगे असतात आणि आर्कच्या उष्णतेने व किरणांनी त्यांचा फॉस्जीन हा प्राणघातक वायू बनतो. वेल्डिंगची जागा अशा द्रावकाने कधीही पुसू नये. तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि कोरडे फडके पुरते. तेलकटपणा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन जागा पूर्ण वाळू द्यावी.

जागा, वीज आणि उन्हाळा

जागा मोकळी, सपाट आणि हवेशीर असावी. गाडीखाली दुरुस्तीचा खड्डा असेल तर तिथे वेल्डिंग करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खड्ड्यात साठते, आणि कार्बन डायऑक्साइड व आरगॉन हेही हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जाऊ नये. जॅक स्टँड लावावेत, जमिनीवरच्या चाकांना ठोकळ्यांची अडण लावावी आणि गाडी हाताने हलवून पाहावी.

यंत्रासाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, चालू स्थितीतले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक (वीज गळताच पुरवठा तोडणारे साधन) असावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण त्यामागे अर्थिंगची तार आलेलीच नसते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे. एक्स्टेन्शनची केबल जाड असावी आणि ती पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली केबल तापते.

मार्च ते मे या काळात इथला पारा चाळीस अंशांच्या वर जातो. घामाने ओले झालेले शरीर विजेला फारसा अडथळा करत नाही, त्यात गाडीच्या लोखंडी तळावर आडवे पडलेले असलो तर धक्का बसण्याची शक्यता आणखी वाढते. त्यामुळे उन्हाळ्यात काम सकाळी लवकर आटपावे, अंगाखाली कोरडे प्लायवूड किंवा रबरी मॅट घ्यावी आणि हातमोजे भिजले की बदलावेत. कामाच्या जागेकडे कूलर किंवा पंखा वळवून ठेवू नये. त्याच्या झोताने टाक्यावरचा गॅसचा पडदा उडून जातो आणि टाका आतून स्पंजासारखा सच्छिद्र होतो. हवा हवी असेल तर पंखा दूर ठेवून धूर बाहेर ओढला जाईल असा लावावा.

गाडी मोकळी करणे

सर्वांत आधी बॅटरी उतरवावी. प्रथम ऋण टोक, मग धन टोक सोडावे आणि बॅटरी उचलून दूर न्यावी, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरी सोडल्यावर किती वेळ थांबायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हाताशी नसेल तर किमान दहा मिनिटे थांबावे, मगच आतल्या कामाला हात घालावा. एअरबॅगचे नियंत्रक बहुधा पुढच्या दोन सीटांमध्ये, तळाच्या पत्र्यावरच बसवलेले असते, आणि काही सीटबेल्टच्या गुंडाळीतही स्फोटक असते. काम त्यांच्या जवळ असेल तर तो भाग जाणकाराकडून काढून घ्यावा. इंजिनचे संगणक युनिट जवळ असेल तर त्याचे सॉकेट सोडावेत.

त्यानंतर कामाच्या जागेच्या आसपासची सीट, मॅट, गालिचा आणि फोम पूर्ण बाहेर काढावा, नुसता दुमडून ठेवू नये. तळाच्या पत्र्यावर आतून चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या आणि बाहेरून मारलेला अंडरकोट हे दोन्ही पेटतात व दाट काळा धूर सोडतात. कामाच्या कडेपासून चारही बाजूंनी वीतभर तरी ते खरवडून काढावेत. पेटीसारख्या बंद भागांत गंजरोधक मेण भरलेले असेल, तर ते आतल्या आत पेटते आणि ज्वाळा भलत्याच छिद्रातून बाहेर पडते.

आता पत्र्याची दुसरी बाजू पाहायची. आतून काम करणार असलो तर गाडीखाली जाऊन विजेरीच्या उजेडात नेमकी तीच जागा शोधावी. ती सापडत नसेल तर खडूने रेखलेल्या चौकोनाच्या मधोमध, जो पत्रा कापून टाकायचाच आहे तिथे, खिळ्याने बारीक भोक पाडावे आणि खालून पाहावे. मात्र हे भोक ड्रिलने पाडू नये, कारण मागे नळी असेल तर ड्रिल ती फोडून आरपार जाते. मग हातमोजे काढून बोटांनी चाचपावे. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बहुधा एकाच बाजूने, छोट्या क्लिपांत अडकवून पाठीमागे नेलेली असते, आणि मातीच्या थराखाली ती पत्र्याचीच घडी वाटते. ती बोटांना लागली की आजूबाजूच्या तीन-चार क्लिपा सोडून नळी खाली ओढता येते का ते पाहावे. पेट्रोलची नळी हलवता येत नसेल, तर ते काम आपले नाही. ब्रेकचे तेलही पेटते आणि तापलेली ब्रेकची नळी पुढे रस्त्यावर दगा देते, म्हणून तिला नुसते ओले फडके गुंडाळून भागवू नये. पेट्रोलचा जराही वास येत असेल तर ग्राइंडरसुद्धा सुरू करू नये. त्याच्या ठिणग्या आर्कइतक्याच घातक असतात.

जे हलवता येत नाही त्यावर काचतंतूचे वेल्डिंग ब्लँकेट घालावे. गॅरेजमध्ये सहज पडलेली सोलापुरी चादर यासाठी वापरू नये. ती कितीही जाड असली तरी सुतीच आहे आणि तिच्या घडीत शिरलेली ठिणगी बराच वेळ धुमसून मग पेट घेते. गाडीच्या काचाही झाकाव्यात, नाहीतर ठिणग्या त्यांत रुतून कायमचे खड्डे पाडतात.

हाताशी चार ते सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक, वाळूची बादली आणि एक जागरूक माणूस असावा. हेल्मेट चढवलेल्याला स्वतःच्या पायाशी लागलेली आगही दिसत नाही, म्हणून पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला बसून नजर ठेवणारा सोबती हवाच. तो आणि पाहायला जमलेली मुले यांच्या डोळ्यांचाही विचार करावा. मुलांना घरात पाठवावे आणि सोबत्याला गॉगल द्यावा. अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक त्याला माहीत असावेत.

कापणे आणि टाके मारणे

गंजलेला भाग कापताना चार इंची ग्राइंडरला गार्ड असलाच पाहिजे. डिस्कवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नसावा, तडा गेलेली डिस्क फेकून द्यावी आणि ठिणग्या आपल्यापासून व गाडीच्या आतल्या भागापासून दूर जातील अशी बाजू धरावी. कापायच्या डिस्कने घासू नये, ती फुटते. पॅचसाठी मूळ पत्र्याच्याच जाडीचा पत्रा घ्यावा आणि त्याचे कोपरे गोलसर ठेवावेत.

अर्थचा चिमटा टाक्याच्या शक्य तितक्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर लावावा. तो लांब बंपरला किंवा इंजिनला लावला तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो आणि दुरुस्तीपेक्षा मोठे नुकसान होते. ज्या तुकड्यावर काम आहे त्यालाच चिमटा, हा नियम कधीही मोडू नये.

सुरुवात चाळीस अँपिअरच्या आसपास करून सरावाच्या तुकड्यावर करंट जुळवावा. पॅच बसवून चार कोपऱ्यांवर टॅक, म्हणजे पॅच जागेवर धरणारे छोटे टाके, मारावेत, मग प्रत्येक दोन टॅकच्या मधोमध एक, असे करत ते बोटभर अंतरावर आणावेत. पुढे सलग रेघ न ओढता एका जागी क्षणभर ट्रिगर दाबून टिंब सोडावे आणि नंतर समोरच्या कडेला जावे. बरोबर जमले की तेल तापल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो आणि टिंब सपाट बसते. फट्‌फट्‌ आवाज येऊन तार टेकत असेल तर तारेचा वेग जास्त आहे. लाल झालेला पत्रा काळा पडेपर्यंत थांबावे. घाई केली तर पत्रा ताटासारखा वाकतो. दर काही टिंबांनंतर थांबून सोबत्याला पलीकडे काय दिसते ते विचारावे आणि त्याने हाक मारली तर त्याच क्षणी ट्रिगर सोडावा.

काम संपल्यानंतर

यंत्र बंद करावे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिटावा आणि किमान अर्धा तास, शक्य तर तासभर गाडीजवळच थांबावे. फोमचा राहिलेला तुकडा किंवा दुमडीतले मेण धुमसत असते आणि बहुतेक आगी माणसे चहाला गेल्यावर लागतात. पत्र्याला दोन्ही बाजूंनी हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब तपासावी आणि जळका वास येत असेल तर तो कुठून येतो ते सापडेपर्यंत थांबावे.

पत्रा पूर्ण गार झाल्यावर टाके घासून सपाट करावेत, दोन्ही बाजूंना जस्तयुक्त प्रायमर लावावा, सांध्यावर सीलर भरावा आणि बंद पोकळीत गंजरोधक मेण फवारावे. पाणी जाण्याची छिद्रे सीलरने बुजलेली नाहीत ना, हे तारेने पाहून घ्यावे. सोडलेल्या नळ्या मूळ क्लिपांत परत बसवाव्यात. रंग आणि सीलर वाळल्यावर सॉकेट जोडावेत आणि सर्वांत शेवटी बॅटरी बसवावी, आधी धन टोक आणि मग ऋण. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटलेला राहिला, ब्रेकचा पेडल मऊ लागला किंवा गाडीखाली ओलसर डाग दिसला, तर गाडी रस्त्यावर न काढता मेकॅनिकला जागेवर बोलवावे.